मोहावी वाळवंट आणि रूट 66 यांत रहस्यकथाकाराला नेमके काय सापडते?

आपण असे विचारले आहे की, रहस्यकथा लिहिणाऱ्यांना वाळवंटाचे आणि अमेरिकेतल्या जुन्या 66 क्रमांकाच्या महामार्गाचे एवढे आकर्षण का असते, आणि निर्मनुष्य जागा व सरळसोट रस्ता ही केवळ वातावरणनिर्मितीची स्वस्त सोय तर नव्हे? मी दक्षिण कॅलिफोर्नियात रँचो कुकामाँगा येथे राहतो, नोकरी सांभाळून मराठीत रहस्यकथा लिहितो, आणि काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आलेली माझी लघुकादंबरी मोहावी वाळवंटातून जाणाऱ्या याच रस्त्यावर घडते. आमच्या घराजवळून जाणारा फूटहिल बुलेव्हार्ड म्हणजेच तो जुना रस्ता, त्यामुळे मला विषय शोधायला फार लांब जावे लागले नाही. समजायला मात्र बराच वेळ लागला.

आपली शंका रास्त आहे, कारण माझीही सुरुवात त्या स्वस्त सोयीनेच झाली होती. पहिल्या खर्ड्यात खुनी रात्री मोटार रस्त्याखाली उतरवतो, प्रेत पुरतो आणि पहाटेपर्यंत वारा चाकांच्या खुणा पुसून टाकतो, अशी तीन प्रकरणे मी मोठ्या उत्साहाने लिहिली होती. त्यानंतर भूशास्त्र शिकलेल्या एका स्नेह्यांबरोबर याच रस्त्यावरच्या ॲम्बॉय या लहानशा गावाच्या आसपासचा प्रदेश पाहायला गेलो. वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, पण मोहावीचा बराचसा भाग तसा नाही. अनेक ठिकाणी जमिनीवर एकमेकांना घट्ट चिकटून बसलेल्या खड्यांचा, फरसबंदीसारखा एकपदरी थर असतो आणि त्याखाली पिठासारखी बारीक माती असते. स्नेह्यांनी वाकून मुठीएवढा एक दगड उचलला. त्याची वरची बाजू काळपट, तेल लावून घासल्यासारखी चकचकीत होती. खालची बाजू फिकट आणि नारिंगी छटेची. वरचा काळपट लेप म्हणजे मँगेनीज आणि लोह यांचे अतिशय पातळ पुट असते आणि ते चढायला हजारो वर्षे लागतात. "इथे कोणी दगड उलटा केला, तर तो तुमच्या पणतवंडांनाही उलटाच दिसेल," असे म्हणून त्यांनी तो काळजीपूर्वक होता तसाच ठेवला.

मोटारीच्या चाकांचेही तेच. खड्यांचा तो थर एकदा मोडला की पुन्हा सहजासहजी जुळून येत नाही. 1942 ते 1944 या काळात अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी उभारलेल्या युद्धसराव केंद्रात याच भागात सुमारे 10 लाख सैनिकांनी प्रशिक्षण घेतले, आणि त्यांच्या रणगाड्यांचे माग अजूनही काही ठिकाणी जमिनीवर स्पष्ट दिसतात. ऐंशी वर्षे टिकलेला चाकोरीचा ठसा डोळ्यांनी पाहिल्यावर, एका रात्रीत खुणा पुसणाऱ्या माझ्या वाऱ्याची मला लाज वाटली. घरी येऊन ती तिन्ही प्रकरणे काढून टाकली. वाळवंट गुन्हा लपवते, ही शहरात बसून केलेली कल्पना आहे. प्रत्यक्षात कोकणातल्या एखाद्या ओल्या रानात दोन पावसाळ्यांत जे नाहीसे होईल, ते इथे पन्नास वर्षे जपून ठेवलेले सापडते.

मग या प्रदेशात विसरते कोण? माझ्या मते रस्ता विसरतो, आणि माझी सगळी कादंबरी या एका जाणिवेवर उभी आहे. रूट 66 हा महामार्ग 1926 साली अस्तित्वात आला. शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत, पुढे सँटा मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून जाणारी त्याची लांबी सुमारे 3,900 किलोमीटर होती. त्याच्या कडेला पेट्रोलपंप, गॅरेजे, खानावळी आणि मोटेले यांवर जगणारी शेकडो लहान गावे वसली. नंतर शेजारून रुंद आंतरराज्य महामार्ग येत गेले आणि गावे एकेक करून बाजूला पडली. ॲम्बॉयजवळून 1973 साली नवा 40 क्रमांकाचा महामार्ग सुरू झाला आणि गावातून अहोरात्र वाहणारी रहदारी जवळजवळ एकदम आटली. 27 जून 1985 रोजी तर रूट 66 चे नाव सरकारी यादीतूनच काढून टाकण्यात आले. ॲम्बॉयमधल्या रॉईज मोटेलची 1959 साली उभारलेली ती प्रचंड पाटी आज छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी उभी आहे. सगळे ॲम्बॉय गाव 2005 साली 4,25,000 डॉलरला विकले गेले, म्हणजे इथल्या शहरांतल्या एका बऱ्या घराच्या किमतीत.

रहस्यकथाकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जमिनीवर पुरावा शाबूत आहे आणि साक्षीदार मात्र विखुरले आहेत. रात्रपाळीची वाढपी, बंद पडलेल्या मोटारी ओढून आणणारा मेकॅनिक, मोटेलची वही सांभाळणारी म्हातारी, ही सगळी माणसे दुसऱ्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून जगणारी होती. रहदारी थांबल्यावर ती कुठे गेली, याची नोंद कोणी ठेवायची? त्यातच सॅन बर्नार्डिनो काउंटी ही पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठी, आणि तिचे मुख्य ठाणे ॲरिझोनाच्या सीमेवरच्या नीडल्स गावापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. पंचनाम्याला शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची माणसे पोहोचेपर्यंत अर्धा दिवस उलटावा, असा तो काळ आणि असे ते अंतर मला आयते मिळाले.

आता माझ्या कथेतला खुनी ज्यामुळे सापडतो, त्या सुगाव्याविषयी सविस्तर सांगतो. कादंबरी येऊन बराच काळ लोटला आहे, त्यामुळे रहस्यभेद झाला तरी माझी हरकत नाही. एका जानेवारीत नीडल्स येथे कोलोरॅडो नदीच्या काठी उभा असताना माझ्या फोनवरचे घड्याळ सहा चाळीसवरून एकदम सात चाळीसवर गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा मागे आले. नदीच्या पलीकडे ॲरिझोना. ते राज्य हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असते; उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपली घड्याळे तासभर पुढे करते आणि ॲरिझोना करत नाही, म्हणून तेव्हा दोन्हीकडे वेळ सारखीच असते. फोन बिचारा कधी या काठाचा, कधी त्या काठाचा मनोरा पकडत होता. हा तास कथेत वापरायचा असे मी तिथेच ठरवले.

पहिला मोह अर्थातच असा झाला की, खुन्याने या तासाच्या आधारे पोलिसांना फसवावे. पण नीडल्सच्या माणसाला हा फरक आपल्याकडच्या पावसाच्या नक्षत्रांइतका अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे तिथला हवालदार असा फसणे शक्य नाही. फसायला हवा होता बाहेरून आलेला खुनी. माझ्या कथेतला खुनी कॅलिफोर्नियात गुन्हा करून रात्री नदी ओलांडतो, पलीकडच्या एका मोटेलात उतरतो आणि आपण पूर्वेकडून, थेट न्यू मेक्सिकोहून येत आहोत, असे सांगतो. मोटेलच्या वहीत तो मनगटावरचे घड्याळ पाहून वेळ लिहितो, 9.20. त्याच्या वरच्या ओळीत आधी आलेल्या प्रवाशाची वेळ आहे, 10.05. वही एकाच शाईत, एकाखाली एक भरलेली, मधली ओळ कुठे सुटलेली नाही. पूर्वेकडून आलेल्या माणसाचे घड्याळ ॲरिझोनाशी जुळायला हवे होते. तासभर मागे असलेले घड्याळ पश्चिमेकडूनच येऊ शकते. तेवढ्या एका आकड्याने तो कोणत्या दिशेने आला हे सांगून टाकले.

यातही मी पडता पडता वाचलो. कथा मी आधी जानेवारी 1974 च्या अखेरीस बेतली होती, कारण नव्या महामार्गामुळे नुकतेच ओस पडलेले गाव मला हवे होते. हस्तलिखित पाठवायच्या आधी सहज काळ तपासला, तेव्हा ध्यानात आले की, तेलटंचाईमुळे अमेरिकेने 6 जानेवारी 1974 रोजी भर हिवाळ्यात घड्याळे पुढे केली होती आणि ॲरिझोनाने त्यातून सूट घेतली होती. म्हणजे त्या जानेवारीत नदीच्या दोन्ही काठांवर एकच वेळ, आणि माझा सुगावा शून्य! सगळी कथा एक वर्ष मागे न्यावी लागली. त्याने नुकसान झाले नाही, किंबहुना फायदाच झाला. जानेवारी 1973 मधले गाव अजून गजबजलेले आहे आणि शेजारी चाललेले नव्या रस्त्याचे काम सगळ्यांना दिसते आहे, यामुळे माणसांच्या बोलण्यात आपोआप एक धास्ती आली.

प्रत्येक गोष्ट अशी उपयोगी पडतेच असे नाही. ॲम्बॉयच्या पूर्वेला रस्त्यालगत, अचानक येणारे पुराचे लोंढे पुलांकडे वळवण्यासाठी घातलेला मातीचा लांबच लांब बांध आहे. येणारेजाणारे प्रवासी वर्षानुवर्षे त्यावर दगड मांडून आपली नावे लिहीत आले आहेत. अशाच एका नावातले अक्षर मागाहून बदलले गेले आहे, आणि त्या अक्षराच्या दगडांची फिकट बाजू वर आल्यामुळे ते उघडकीस येते, अशी युक्ती मला फार आवडली होती. स्नेह्यांनी ती एका वाक्यात मोडीत काढली: बांधावरचे दगड यंत्राने ओढलेले, त्यांची काळी-फिकट बाजू आधीच वाटेल तशी वरखाली झालेली. शेजारच्या रेल्वेच्या जुन्या थांब्यांची इंग्रजी नावे ए, बी, सी, डी अशा वर्णक्रमाने ठेवलेली आहेत, ॲम्बॉयनंतर ब्रिस्टल, मग कॅडिझ, डॅनबी आणि असेच पुढे. हे कळल्यावर कोणत्याही रहस्यकथाकाराचे हात शिवशिवतील, पण त्यावर बेतलेली सांकेतिक चिठ्ठी मलाच पोरकट वाटली.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग असा की, मराठी वाचकाला हा सगळा मुलूख परका वाटत नाही का? तशी भीती मलाही होती, आणि ती घालवण्यासाठी एखादे मराठी पात्र ओढूनताणून आणण्याचा सल्लाही मिळाला होता. या रस्त्यावरची कितीतरी मोटेले आज गुजराती कुटुंबे चालवतात हे खरे, पण 1973 च्या कथेत मराठी माणूस घुसवणे मला जमले नाही. लघुकादंबरी प्रसिद्ध झाल्यावर खोपोलीहून एका वाचकांचे पत्र आले. त्यांच्या काकांचे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर टायरचे दुकान होते आणि 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर त्यांनी ते दोनेक वर्षांत बंद केले होते. खुनी कोण हे आपल्याला निम्म्यातच कळले होते, असे त्यांनी थोड्या अभिमानाने लिहिले होते. त्यांना विचारायचे होते ते एवढेच की, नवा रस्ता झाल्यावर कादंबरीतल्या गॅरेजवाल्याचे पुढे काय झाले. कादंबरीत ते कुठेच नव्हते, कारण मी त्याचा विचारच केला नव्हता. सध्या लिहीत असलेली दुसरी कादंबरी त्या गॅरेजवाल्याची आहे.