बाळाची कावीळ आणि निळा दिवा

प्रश्न : पहिल्या नातवाला चौथ्या दिवशी कावीळ दिसली, दोन दिवस निळ्या लाईटखाली पेटीत ठेवला. उघडंनागडं लेकरू, डोळ्यावर पट्टी, बघवंना. आता सूनबाईचं दुसरं बाळंतपण आलंय. या बाळाला घरीच कोवळं ऊन दिलं तर भागंल का? सूनबाईची हळद बंद करावी का?
– एक आजी, केज तालुका

उत्तर : आजी, हळदीचं अन् काविळीचं नातं नुसतं रंगाचं. सूनबाईला वरण-भाकरी पोटभर खाऊ द्या.

उन्हाचं मात्र तुम्ही अगदीच चुकीचं बोलला नाहीत. हा उपचार निघाला उन्हातूनच. इंग्लंडात रॉचफर्डच्या दवाखान्यात वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हाला न्यायच्या. एका बाळाचा पिवळेपणा ओसरला, पण दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा तुकडा पिवळाच राहिला. त्यावरून १९५८ साली तिथल्या डॉक्टरांनी दिव्यांचा उपचार मांडला. निळा उजेड कातडीतल्या बिलिरुबिनचं, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचं, रूप पालटतो, मग ते यकृताची वाट न बघता पित्तावाटे, लघवीवाटे निघून जातं.

पण ऊन मोजून देता येत नाही. आपल्याकडचं चैत्रातलं ऊन तर आठ वाजताच चटके देतं. उन्हात ठेवून सुकलेली, वजन उतरलेली लेकरं माझ्याकडं येतात. एका बापानं पाळण्यावर झिरोचा निळा बल्ब टांगला होता! त्याची माया कळली, पण त्या उजेडात तेवढी ताकद नसते.

पेटीतल्या दिव्यानं डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणूनच ती पट्टी. ती नाकावर घसरली तर लगेच सिस्टरला हाक मारा. दर दोन-तीन तासांनी बाळाला दुधाला घ्या, दूध जास्त तेवढी शी जास्त, अन् बिलिरुबिन तिच्यातूनच जातं.

पहिल्याला दिवा लागला होता, म्हणून दुसऱ्यालाही लागायची शक्यता जास्त. हे डॉक्टरांना आधीच सांगा. सूनबाईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल तर तेही. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, तर रात्र असली तरी निघा. शी चुन्यासारखी पांढरी दिसली तरी थांबू नका.

अन् ट्रंकेतली जुनी दुपटी काढणार असाल, तर आधी वास घ्या. काही बाळांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी डांबरगोळीनं फुटतात अन् कावीळ भडकते. तसली दुपटी बाळाला नकोच.