बटण दाबलं की घसा कोरडा पडतो

प्रश्न : मी नाशिकची, सिडकोत वाढले, शाळा मराठी माध्यमाची. सध्या खानदेशातल्या एका छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते आहे. अठरा तास झाले, सोलो, म्हणजे पहिलं एकटीचं उड्डाण, तोंडावर आलंय. हात बसलाय असं सर म्हणतात, पण रेडिओचं बटण दाबलं की माझा घसा कोरडा पडतो. बाकीची मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात. परवा धावपट्टीला समांतर बाजूवर, म्हणजे 'डाउनविंड'वर असताना मी 'बेस' (उतरण्याआधीची आडवी बाजू) म्हणून गेले. एकटी असताना असं झालं तर?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, आधी इंग्रजीचा धसका सोड. रेडिओवरची भाषा ही मोजक्या शब्दांची वेगळीच बोली आहे. तिथे 'थ्री'ला 'ट्री' म्हणायचं, 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नाइनर', कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात. कुणाला हाक मारतेय, मी कोण, कुठे आहे, काय करणार, एवढंच सांगायचं. फाडफाड बोलणाऱ्यांनाही ही बोली नव्यानेच शिकावी लागते.

तुझी खरी अडचण दुसरी आहे. 'बेस' तोंडून गेलं तेव्हा तुझं सगळं लक्ष बोलण्यावर होतं, आपण कुठे आहोत हे चित्र डोक्यातून निसटलं होतं. ओझरच्या विमानतळावर टॉवरमधला माणूस विमानं सांभाळतो. टॉवर नसलेल्या पट्टीवर कोण कुठे आहे हे एकमेकांच्या बोलण्यातून आणि डोळ्यांनीच कळतं. तू 'बेस' म्हणालीस की खाली उड्डाणासाठी थांबलेला मुलगा तुला भलत्याच जागी शोधणार. म्हणून चूक कळली की लगेच 'करेक्शन' म्हणायचं आणि खरी जागा सांगायची. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. त्यात कमीपणा काही नाही. मला भीती वाटते ती न समजता 'रॉजर', म्हणजे 'निरोप मिळाला', म्हणणाऱ्यांची.

12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली. उतरणाऱ्या विमानाला 15 हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून दुसरं विमान येतंय हेही सांगितलं होतं. तरी ते खाली गेलं. त्यांच्याकडे नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि त्याच्यापुढे स्वतःचं उंचीमापक नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावं लागे. शब्द विमानात पोहोचले होते, पण उंची काही त्या शब्दांबरहुकूम राहिली नाही.

आता माझा अनुभव सांगते, कारण असा प्रसंग पुस्तकात एका ओळीत उरकतात. मी विमान चालवायला शिकवायला लागून दुसरं वर्ष होतं. एप्रिल, दुपारचे चार, दोन आसनी सेसना. शेजारच्या विद्यार्थ्याने 'डाउनविंड' सांगून अंगठा उचलला, पण घाम आणि धुळीने चिकटलेलं बटण वर आलंच नाही. हेडसेट शांत झाला. आज कुणी बडबड करत नाही, बरं आहे, असं मला वाटलं. प्रत्यक्षात आमच्या उघड्या माइकने अख्खी फ्रिक्वेन्सी दाबून टाकली होती आणि सगळ्यांच्या कानात फक्त आमच्या इंजिनाची घरघर जात होती. आम्ही बेसला वळलो आणि डाव्या काचेत एक पांढरा पंख आला. इतका जवळ, की त्याच्या खालची भारतीय नोंदणीची व्हीटी अक्षरं मी वाचली. तो वैमानिक तीनदा बोलला होता, दाबलेल्या बटणामुळे आमच्यापर्यंत एक शब्द आला नव्हता. मी विमान बाजूला घेतलं. मग रेडिओच्या पडद्यावर पेटलेलं बारीक 'टी' दिसलं. आपण प्रक्षेपण करत असलो की ते पेटतं. नखाने बटण उपसून काढलं. तेव्हापासून हेडसेट फार वेळ शांत राहिला की माझी नजर आधी त्या 'टी'वर जाते. तुझीही जाऊ दे. आणि कान कितीही तयार झाले तरी बाहेर बघणं सोडू नकोस.

सुट्टीत घरी आलीस की गच्चीवर खडूने धावपट्टी आणि सर्किट, म्हणजे तिच्याभोवतीचा विमानाचा फेरा, काढ. त्यावर चालत चालत प्रत्येक वळणाला मोठ्याने बोल. आईला सांग, मध्येच हाक मार. हाकेला उत्तर देताना पाऊल अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. विमान आधी, वाट मग, बोलणं शेवटी. बोलणं दोन सेकंद उशिरा झालं तरी चालतं.

प्रश्न : मुलगा एकटा वर असताना रेडिओच बंद पडला तर?
– एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, तुमची काळजी समजते. अशा बहुतेक छोट्या विमानांत इंजिनाची ठिणगी मॅग्नेटो नावाच्या स्वतःच्या छोट्या जनित्रावर चालते. अशा विमानात रेडिओ गेला म्हणून, अगदी बॅटरी गेली तरीही, इंजिन थांबत नाही. बरेचदा रेडिओ बिघडलेलाही नसतो. या लहरी सरळ रेषेत जातात, सातमाळेसारखी डोंगररांग आड आली की आवाज तुटतो आणि उंची घेतली की परत येतो. खरंच बंद पडला तर रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर 7600, म्हणजे 'रेडिओ बंद' हा संकेत, लावायचा आणि टॉवर असेल तिथे दिव्याकडे बघायचं. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नकोस. दिवा दिसला की दिवसा पंख हलवून 'कळलं' असं सांगायचं.