लोझबान या तर्कावर आधारलेल्या कृत्रिम भाषेत ‘माहीत असणं’ आणि ‘मानणं’ यांत फरक कसा करायचा?

या भाषेत अशा प्रत्येक शब्दाला क्रमाने ठरलेल्या जागा असतात: कोण, काय, कशाबद्दल वगैरे. त्यांत पुरावा कुठे बसतो ते बघा. जायकवाडीचं पाणी सोडलं हे कालव्यावर जाऊन पाहिलं, तर ‘जुनो’ (माहीत असणं). याच्या चौथ्या जागी कशावरून कळलं ते येतं. ढग बघून ‘उद्या पाऊस येईल’ म्हटलं तर ‘झिन्वी’ (मत असणं). इथे चौथ्या जागी आधार. पुराव्याविना मानलं तर ‘क्रिशी’ (शेतीशी संबंध नाही!), म्हणून त्यात पुराव्याची जागाच नाही.

खरा वाद ‘जुनो’वर. कुणी ज्योतिषावरून ‘जाणतो’, पण गोष्ट खोटी निघाली तर? व्याख्येत दुसऱ्या जागी ‘तथ्य’ आहे, त्यामुळे माझ्या मते तिथे ‘झिन्वी’च. दुसऱ्या जागी ‘दुहू’ने (वाक्याचं विधान करणारा शब्द) बांधलेलं विधान लागतं, थेट ‘परभणी’ असं नुसतं नाव टाकलं की चुकलं. ओळखीच्या गावासाठी ‘स्लाबू’.