स्पॅनिश बी-वन झाल्यावर आफ्रो-हिस्पॅनिक साहित्य घ्यावं, की आधी भाषा पक्की करावी?

पुण्यात स्पॅनिशची बी-वन म्हणजे मधली पातळी झालीय, अमेरिकेत एमए करायचंय, तर हे साहित्य, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लेखकांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं, आत्ताच वाचावं की थांबावं, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. मी थांबले होते, म्हणून सांगते.

एमएच्या पहिल्या वर्षी कांदेलारियो ओबेसोची एक कविता टाइप करून वर्गात वाटायचं काम माझ्याकडे आलं. ओबेसो हा कोलंबियातल्या माग्दालेना नदीकाठच्या मोंपोसचा कृष्णवर्णीय कवी, संग्रह १८७७चा. रात्री होडी वल्हवणारा 'बोगा' गातोय, 'के त्रिते के एता ला नोचे', किती उदास आहे ही रात्र. तेव्हा व्याकरणात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, स्कॅन करताना 'स' गळालेत. मी 'त्रिते'चं 'त्रिस्ते' केलं, 'एता'चं 'एस्ता', 'एर सिएलो'चं (आकाश) 'एल सिएलो'. सरांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "होडी दिसतेय, नावाडी कुठे गेला?"

मी वऱ्हाडातली. शाळेत 'पानी' म्हटलं की बाई 'पाणी' म्हणायला लावायच्या. ओबेसोने नावाड्यांची बोली मुद्दाम तशीच लिहिली होती, आणि त्याच्याशी मी नेमकं तेच केलं होतं.

आणि हा उद्योग काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. क्यूबाचा हुआन फ्रान्सिस्को मान्सानो गुलाम होता. मालकाच्या टाकलेल्या कागदांवरची अक्षरं गिरवून लिहायला शिकला. १८३५च्या सुमारास त्याने लिहिलेलं आत्मकथन १८४०मध्ये लंडनला इंग्रजीत आलं, मूळ स्पॅनिश छापायला मात्र १९३७ उजाडलं. मधल्या काळात त्याचं शुद्धलेखन इतरांनी 'सुधारलं' ते वेगळंच. मूळ आणि सुधारलेला असे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचा, कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकाल.

शिकवण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फीमाफीच्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना स्पॅनिश शिकवावं लागतं. घाबरू नका. 'मे गुस्ता' (मला आवडतं) शिकताना तिथली मुलं आठवडाभर रडतात. आपल्याला आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, स्पॅनिशमध्येही तसंच. खरी पंचाईत पुढे होते. सोमवारी मी गाळलेल्या 'स'चे मार्क कापते आणि बुधवारी ओबेसो शिकवते. एका डॉमिनिकन घरातल्या मुलाने विचारलंच, "माझी आजी अशीच बोलते, मग माझेच मार्क का?" मी म्हटलं, परीक्षेत 'स' घाल, आजीशी बोलताना घालू नकोस. त्याला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

नोकरीचं विचाराल, तर भाषांतराच्या कंपन्यांत हा विषय कुणी विचारत नाही. तिथे बी-टू, सी-वन या वरच्या पातळ्यांची डेले (स्पॅनिशची अधिकृत परीक्षा) सर्टिफिकेटं चालतात, ती वेगळी काढा.

सुरुवात ओबेसोच्या त्या कवितेपासूनच करा, मोठ्याने वाचा. पुढे क्यूबाचा कवी निकोलास गियेनचा १९३०चा कवितासंग्रह 'मोतिवोस दे सोन' घ्या. शब्द कोशात सापडला नाही, तर आधी कुठे 'स' किंवा 'र' घालून बघा. मात्र वहीत उतरवताना कवीने लिहिलाय तसाच उतरवा.