समुद्र पूर्वेला नसतो

प्रिय पोरी,

तुझा मेसेज तुझ्या आईने मला पाठवला. क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक की एलएलबी, आणि ‘यातल्या कशाला स्कोप आहे?’ तुला अन्यायाची चीड येते हे मला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही.

दरवाज्यांचं आधी उरकून टाकतो. पीएसआयच्या एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, क्रिमिनॉलॉजीवाल्यांची तिथे वेगळी रांग नाही. प्रयोगशाळेत जायचं तर विज्ञान हवं. सरकारी वकील किंवा न्यायदंडाधिकारी व्हायचं तर एलएलबी, बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी (न्यायदंडाधिकारीही त्याच परीक्षेतून होतात) तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, म्हणजे कॉलेजातून थेट खुर्ची नाही. परिविक्षा अधिकारी, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा प्रोबेशन ऑफिसर, व्हायचं असेल तर समाजकार्याची पदवी कामी येते.

कुठूनही आत शिर, आत काम एकच आहे. पाहिलंस तेवढंच लिहायचं.

देवगडच्या बाजूचा एक मारहाणीचा खटला. हाड मोडलेलं, साक्षीदार खणखणीत, सरकारतर्फे मी. पंचनाम्यात जागेची चतुःसीमा लिहिलेली, ‘पूर्वेस समुद्र’. सिंधुदुर्गात! बचावाच्या वकिलांनी तपासी अंमलदाराला विचारलं, “साहेब, तुमच्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो का?” कोर्ट हसलं. पंचनामा ठाण्यातल्या टेबलावर झाला होता, ते मग लपेना. पंच फितूर झाले, आरोपी सुटले. बाहेर व्हरांड्यात फिर्यादी मला विचारतो, “वकीलसाहेब, माजो हात मोडलो तो खोटो काय?”

काय सांगणार त्याला?

तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेलं दोषारोपपत्र शंका काढल्याशिवाय पुढे गेलं नाही. जागेवर कोण गेलं होतं? मुद्देमालाला सील कधी लावलं? पंच त्याच गावचा का? ठाण्यात मला खडूस म्हणत. म्हणोत. बरोबरचे मुंबईला गेले, त्यांचे फ्लॅट झाले. मी इथेच राहिलो आणि बरोबरच केलं, असं बायकोला अजून सांगत असतो. आणि आता, ऑगस्ट २०२५ पासून, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आपल्या दोन्ही जिल्ह्यांची हायकोर्टातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलीत! मी निवृत्त झाल्यावर. असो.

तू म्हणशील, आता सगळ्याचा व्हिडिओ असतो. खरं आहे. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या, म्हणजे फॉरेन्सिकच्या, तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, हेही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे माणसं लागणार. हा घे तुझा स्कोप. पण व्हिडिओत समुद्र पश्चिमेला आणि कागदावर पूर्वेला असेल, तर पूर्वी जे वकिलाच्या हुशारीने उघडं पडायचं ते आता शेंबडं पोरही दाखवील. म्हणून पुन्हा सांगतो, पाहिलंस तेवढंच लिही. ‘संशयास्पदरीत्या फिरत होता’ हे लिहिणं नव्हे. कुठे उभा होता, हातात काय होतं, उजेड कुठून येत होता, ते लिही.

एक मात्र माझं राहून गेलं. जन्मभर सरकारच्या बाजूने उभा राहिलो, तुरुंगातल्या माणसाचा कागद कधी माझ्या हातून लिहिला गेला नाही. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. पण अटकेची तारीख नीट लिहून कोर्टापुढे ठेवणारं कुणी नको? टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कोठडीतल्या माणसांसाठी राबतोय. फॉर्म भरण्याआधी त्यांचं काम बघून ये. पोलीस आणि वकील सोडून तिसरंही काही असतं, हे तुला कॉलेजात कुणी सांगणार नाही.

आणि फॉर्म लगेच भरू नकोस. सोमवारी अकराला तालुक्याच्या कोर्टात जा, मागच्या बाकावर बस. फौजदारी खटला सहसा खुला असतो, कुणाची परवानगी लागत नाही, फक्त फोन बंद ठेव. एका साक्षीदाराची उलटतपासणी पूर्ण ऐक आणि घरी येऊन दोन पानं लिहून मला पाठव. ‘बहुधा’ आणि ‘जणू’ दिसले तर परत पाठवीन.