डोळ्यावरून वारं जातं का?

हर्णैच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे सासरे होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पडवीत बसले असताना त्यांना दीपगृहाचा दिवा शेजारी शेजारी दोन दिसायला लागला. उजवा डोळा नाकाकडे ओढल्यासारखा झाला. तपासणीत साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कागदावर 'सिक्स्थ नर्व्ह पाल्सी' (मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सहावी लुळी पडणं) आणि 'डिप्लोपिया' (एकाचे दोन दिसणं) असं लिहून दिलं. घरातल्या आत्या म्हणतात, "दादाच्या डोळ्यावरून वारं गेलं." नातू म्हणतो, असं काही नसतं, तू अडाण्यासारखं बोलतेस. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: आत्यांचं बोलणं चूक आहे का, आणि डिप्लोपियाला मराठीत 'तिरळेपणा' म्हटलं तर चालेल का?

आधी आत्यांचं. त्या अजिबात चुकलेल्या नाहीत. 'अंगावरून वारं जाणं' हा आपला जुना, पक्का वाक्प्रचार आहे आणि त्यातलं वारं म्हणजे समुद्रावरचा वारा नव्हे, शरीरातला वात. अर्धांगवायू ह्या शब्दातला वायू तोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यांत 'अक्षिव्युदास' असा एक आहे. अक्षि म्हणजे डोळा, व्युदास म्हणजे जागेवरून ढळणं. म्हणजे अंगावरून, तोंडावरून जसं वारं जातं तसं डोळ्यावरूनही जातं, ही समज आत्यांच्या कितीतरी आधीची आहे. नातवाला एवढंच सांगा की आत्यांनी 'पाल्सी'चंच मराठी केलं आहे.

ह्यात विभक्तीचा एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. कोकणात जत्रेला, गाऱ्हाण्याला अंगात वारं येतं, ते देवाचं. आजाराचं वारं अंगावरून जातं. 'त' आणि 'वरून' एवढाच फरक, पण कोणीही त्यांची अदलाबदल करत नाही. अंगात आलेलं वारं थोड्या वेळाने उतरतं, अंगावरून गेलेलं मागे काहीतरी लुळं करून जातं.

'लकवा' मात्र इथे नको. तो शब्द अरबी, आणि मुळात तो फक्त तोंड वाकडं होण्याला होता. आपण तो सगळ्या अंगाला लावला. डोळ्याला लावला की घोटाळा होतो, कारण तोंडाच्या लकव्यात डोळा मिटत नाही, तो सातव्या नसेचा दोष. तिसरी नस गेली तर उलट पापणी पडते आणि डोळा उघडत नाही. दोन्हीला 'डोळ्याला लकवा झाला' म्हटलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं?

आता 'तिरळेपणा'. इथे माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते थोडं सविस्तर सांगतो.

तिरळा, चकणा, हेकणा, काणा. डोळ्यांच्या दोषांना आपल्याकडे शब्दांची कमी नाही, पण हे सगळे शब्द बघणाऱ्याने दुसऱ्याला दिलेले आहेत. डोळा बाहेरून कसा दिसतो तेवढंच ते सांगतात (आणि बहुतेक वेळा हिणवायलाच वापरले जातात). त्या डोळ्याच्या मालकाला काय दिसतं, ते त्यांत नाही. लहानपणापासून तिरळं पाहणाऱ्या मुलाला सहसा दोन दिसतच नाहीत, कारण वाढता मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला सारायला शिकतो. साठीतल्या माणसाचा मेंदू ते शिकू शकत नाही. डोळा ढळला की त्याला लगेच एकाचे दोन दिसतात. म्हणजे तिरळेपणा असून डिप्लोपिया नसतो, आणि डिप्लोपिया असून डोळा वरवर सरळ वाटू शकतो.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण आमच्या घरातलंच आहे. माझे काका रत्नागिरीला असतात, घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी. ते घाटी उतरताना अडखळायला लागले. पायरीवर पाय टाकण्याआधी चपलेचं टोक पुढे फिरवून चाचपायचे, मान एका खांद्याकडे कललेली. पेपर वाचताना एक डोळा हाताने झाकायचे. विचारलं की म्हणायचे, "अंधुक दिसतं रे." अंधुक म्हटल्यावर सगळ्यांनी मोतीबिंदू धरला. चार महिने चष्म्याचे नंबर बदलण्यात गेले. मग एका डॉक्टरांनी नुसतं विचारलं, "पायऱ्या किती दिसतात?" काका म्हणाले, "दोन. एकावर एक, दुसरी जराशी तिरकी." ती चौथी नस निघाली. तिच्या दोषात खाली बघताना, म्हणजे नेमकं जिना उतरताना आणि वाचताना, त्रास होतो आणि माणूस मान कलती ठेवून तो टाळत असतो. काकांकडे बघून त्यांना कोणीही तिरळं म्हटलं नसतं. तेव्हापासून 'अंधुक' हा शब्द ऐकला की मी थांबवून विचारतो, अंधुक की दोन?

म्हणून ताई, डिप्लोपियाला 'दोन दिसणं' म्हणा. 'द्विदृष्टी' हा घडवलेला शब्द चूक नाही, ग्रीक शब्दाचा अर्थही जवळपास तोच. पण दूरदृष्टी, दिव्यदृष्टी ह्यांच्या पंगतीत बसल्यामुळे तो आजारापेक्षा गुणासारखा ऐकू येतो. शिवाय मराठीत 'बघणं' आपण करतो, 'दिसणं' आपल्याला होतं. 'मी बघतो', पण 'मला दिसतं'. तुमचे सासरे एकच दिवा बघतात, त्यांना दोन दिसतात. आजाराचं सगळं वर्णन ह्या दोन क्रियापदांमध्ये आहे आणि 'द्विदृष्टी' नेमकं तेच पुसून टाकते.

जाता जाता एका घडवलेल्या शब्दाचं कौतुक करतो. बुबुळं आपोआप झुलत राहतात त्या निस्टॅग्मसला 'नेत्रदोलन' म्हणतात. ग्रीकात निस्टॅग्मस म्हणजे पेंगताना मान डुलणं. आपली डुलकी आणि दोलन एकाच कुळातली, त्यामुळे हा शब्द अगदी घरचा वाटतो.

'डोळा' आणि 'बाजू' ह्यांचीही अशीच गल्लत होते. मेंदूच्या मागच्या भागाला एका अंगाला मार बसला की दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसेनासं होतं. माणूस सांगतो, "डावा डोळा गेला." आमच्या शेजारच्या आजी तर ताट पुढे आल्यावर म्हणायच्या, "आज लोणचं नाही वाढलं?" लोणचं, चटणी, कोशिंबीर सगळं डावीकडे होतं. ताट फिरवून दिलं की सापडायचं. डोळा चांगलाच होता, गेली होती ती डावी बाजू.

तुमच्या सासऱ्यांचं बोलायचं तर सहावी नस डोळा बाहेरच्या बाजूला नेणारा एकच स्नायू चालवते. म्हणून डोळा आत ओढला गेला आणि दिवे शेजारी शेजारी दिसले. लांबचं आणि उजवीकडचं बघताना ते दिवे एकमेकांपासून आणखी लांब जात असतील, जवळचं वाचताना त्रास कमी असेल. साखरेमुळे गेलेली ही नस बहुतेकदा ३ महिन्यांच्या आसपास सुधारते. पण मध्येच डोकं भयंकर दुखलं, पापणी पडली, बाहुली मोठी दिसली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना कागदावर मराठीतच लिहून न्या: एकाचे दोन दिसतात, शेजारी शेजारी. लांबचं बघताना जास्त. कुठलाही एक डोळा झाकला की एकच दिसतं. ही शेवटची ओळ घरी करून बघून मगच लिहा, कारण एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील तर दोष नसेत नसून त्या डोळ्यातच, बहुधा मोतीबिंदूसारखा काही असतो. आणि वर आत्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत तरी डॉक्टरांना कळेल.