दुबईला जाण्याआधी कर्जाचा हिशेब

भाऊ, दुबईत वेल्डिंगच्या कामाला पगार किती मिळेल हे तुम्ही दोनदा विचारलंत, पण मला काळजी दुसऱ्याच आकड्याची वाटते. एजंट १,४०,००० मागतोय आणि ते तुम्ही सावकाराकडून शेकडा ३ ने उचलणार. म्हणजे महिन्याला ४,२०० नुसतं व्याज. तिकडे पहिले दोन पगार थकले, काम वेल्डिंगऐवजी मजुरीचं निघालं, तरी परत फिरता येत नाही, कारण दारात सावकार उभा असतो. अशा माणसाला कोंडून ठेवायची मालकाला गरजच पडत नाही.

आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. भरतीचा खर्च यूएईच्या कायद्यानुसार मालकाचा. मग वरचे लाखभर कशाचे, एवढंच त्याला विचारा. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी सरकारची ई-मायग्रेट साइट आहे, तिच्यावर त्याचं लायसन्स चालू आहे का तेही बघा. गावात फिरणारा ‘साहेबांचा माणूस’ त्या यादीत नसतो. पैसे मात्र तोच घेतो, आणि अनेकदा तो आपल्याच नात्यातला निघतो.

आता व्हिसा. तुम्ही नववी पास, म्हणजे पासपोर्ट ईसीआर, कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा. कामाच्या व्हिसावर जाताना करार ई-मायग्रेटवर नोंदला जातो आणि २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. व्हिजिट व्हिसावर यातलं काहीच नाही. सरकारदरबारी तुम्ही बुर्ज खलिफा बघायला गेलेले. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा, मुदत संपली की रोज ५० दिऱ्हॅम दंड. मग पगार बुडला तरी तक्रारीला जायची हिंमत होत नाही, आणि फुकट राबवून घेणारे याच भीतीवर जगतात. ‘तिकडे गेल्यावर व्हिसा बदलू’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

आधी तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर मागा. ते हिंदीतही मिळतं. मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे वाचा, पुढचा करार त्याच्याशी जुळायला हवा. पोचल्यावर पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागतील. तो ठेवून घेणं तिथेही बेकायदा आहे. अडचण आली तर दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, फोन ८०० ४६३४२. हा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइल काढून घेतला की त्यातले नंबरही जातात.